गँग शो: स्काउटांचा हौशी रंगमंच आणि त्यामागची कारागिरी

लंडनच्या शार्लट स्ट्रीटवरील स्काला थिएटरमध्ये ३० ऑक्टोबर १९३२ रोजी सुमारे दीडशे स्काउटांनी मिळून गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश यांचा एक कार्यक्रम सादर केला. बहुतेक मुले शहराच्या पूर्व भागातील कष्टकरी वस्त्यांमधली होती आणि कार्यक्रमाचा हेतूही साधाच होता: केंट परगण्यातील डाउन येथील स्काउट छावणीत पोहण्याचा तलाव बांधण्यासाठी पैसे जमवणे. तीन रात्रींच्या खेळांतून त्यासाठी दीडशे पौंड उभे राहिले. तलावासाठी केलेल्या या खटपटीतून ‘गँग शो’ नावाचा एक स्वतंत्र नाट्यप्रकार जन्माला आला, आणि आज नव्वद वर्षे उलटून गेल्यावरही ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांतील अनेक गावांमध्ये स्काउट आणि गाईड मुले नाट्यगृह भाड्याने घेऊन, तिकिटे विकून तो दरवर्षी सादर करतात.

मुलांचे हौशी कार्यक्रम जगात सगळीकडे होतात आणि ते बहुधा पालकांच्या कौतुकावर तग धरतात. गँग शो त्यांच्यापेक्षा वेगळा ठरतो, कारण त्याच्या रचनेत एका अवघड प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ज्यांना धड गाता येत नाही, नाचता येत नाही, अभिनयाचा तर प्रश्नच नाही, अशी शंभरभर मुले पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांपुढे दोन-अडीच तास उभी करायची कशी, आणि तीही अशी की प्रेक्षकांना कीव येता कामा नये? गँग शोचे उत्तर समजून घ्यायचे असेल, तर तो कोणकोणत्या गोष्टींच्या संगमातून उभा राहिला हे आधी पाहावे लागते.

शेकोटी आणि म्युझिक हॉल

स्काउट चळवळीच्या मुळाशीच नाटकाची आवड होती. चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे लष्करी अधिकारी असले, तरी शाळेपासूनच त्यांना सोंगे काढण्याची, नकला करण्याची हौस होती आणि भारतातल्या नोकरीच्या काळातही ते पलटणीच्या नाटकांत उत्साहाने भाग घेत. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात त्यांची तुकडी सात महिने अडकून पडली होती. वेढा घालणारे बोअर सैन्य, म्हणजे तेथील डच वंशाच्या वसाहतवाल्यांचे सैन्य, रविवारी लढाई थांबवत असे. त्या दिवशी गावात करमणुकीचे कार्यक्रम होत आणि खुद्द सेनापती त्यांत विनोदी गाणी म्हणत. हा माणूस पुढे मुलांची संघटना काढतो, तेव्हा तिच्यात शेकोटीभोवतीच्या गाण्यांना आणि प्रवेशांना मानाचे स्थान मिळावे यात नवल नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर झालेल्या पहिल्या प्रायोगिक शिबिरात रोज रात्री शेकोटी पेटे आणि तिच्याभोवती गोष्टी चालत. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाची प्रकरणेसुद्धा शेकोटीच्या गप्पा म्हणून मांडलेली होती आणि मुलांनी बसवावेत असे काही नाट्यप्रवेशही त्यात सुचवलेले होते.

शेकोटीच्या कार्यक्रमाचा एक गुण असा, की तेथे प्रेक्षक आणि कलाकार असा भेद राहत नाही. एक पथक उठते, छोटासा प्रवेश करते आणि पुन्हा वर्तुळात येऊन बसते. चुकले तरी हसणारे आपलेच असतात. हाच गुण नाट्यगृहात मात्र दोष ठरतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरगुती विनोदात रस नसतो, आणि प्रवेशांच्या मधली ती रेंगाळलेली मिनिटे, ‘आता कोणाची पाळी’ अशी कुजबुज, त्याला अजिबात खपत नाही.

दुसरीकडे ब्रिटनमध्ये म्युझिक हॉलची दांडगी परंपरा होती. एकोणिसाव्या शतकात दारूच्या गुत्त्यांना जोडलेल्या गाण्याच्या दालनांतून ती वाढली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘व्हरायटी’ या नावाने मोठ्या, सजवलेल्या थिएटरांत पोहोचली. गायक, विदूषक, जादूगार, कसरतपटू असे धंदेवाईक कलाकार आपापला दहा-पंधरा मिनिटांचा भाग सादर करून निघून जात, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसे. त्याच सुमारास ‘रिव्ह्यू’ हा आणखी एक प्रकार रुजला होता. त्यात प्रसंग सुटे असले, तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच संच रंगमंचावर असे, आणि गाणी, संवाद, नृत्ये त्या संचासाठी मुद्दाम लिहिलेली व बसवलेली असत. गँग शोला सर्रास व्हरायटी कार्यक्रम म्हटले जाते खरे, पण माझ्या मते त्याची हाडे रिव्ह्यूची आहेत. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण व्हरायटीला प्रत्येक भागासाठी एक पटाईत कलाकार लागतो, तर रिव्ह्यूला एक शिस्तबद्ध समूह पुरतो. स्काउटांकडे पटाईत कलाकार नव्हते. समूह मात्र तयार होता.

ब्रॉडवेहून परतलेला स्काउट

या दोन परंपरांना जोडणारा माणूस म्हणजे राल्फ रीडर. त्याचा जन्म १९०३ चा, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील क्रूकर्न या छोट्या गावातला. आईवडील लहानपणीच गेले आणि नातेवाइकांनी त्याला वाढवले. अकरा वर्षांच्या सुमारास तो स्काउट झाला आणि स्काउट पथकाच्या कार्यक्रमांतच त्याला रंगमंचाची गोडी लागली. विशीच्या आतबाहेर असताना तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कमध्ये कोरसमधला नर्तक म्हणून शिरला आणि बघता बघता नृत्ये बसवणारा झाला. अल जोल्सनसारख्या त्या काळच्या बड्या ताऱ्याबरोबर त्याने काम केले. १९२० चे दशक संपता संपता तो लंडनला परतला. येथेही संगीत नाटकांची नृत्ये बसवण्याचा त्याचा व्यवसाय उत्तम चालला होता. पुढे ड्रुरी लेन थिएटरमध्ये आयव्होर नॉव्हेलोच्या भव्य संगीत नाटकांसाठीही त्याने नृत्ये बसवली.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, रीडरने जे कमावले, ते होते समूह हाताळण्याचे तंत्र. त्या काळच्या संगीत नाटकात पन्नास-साठ जणांचा कोरस एका तालात हलवणे हे स्वतंत्र कसब मानले जाई. एकट्या नर्तकाकडून कठीण पदन्यास करवून घेण्यापेक्षा साठ जणांकडून एक साधी हालचाल अचूक एकाच क्षणी करवून घेणे प्रेक्षकांवर अधिक परिणाम करते, हे त्याने तेथे पाहिले होते.

लंडनला आल्यावर रीडर होलबॉर्नमधील रोव्हर पथकात, म्हणजे मोठ्या वयाच्या स्काउटांच्या पथकात, काम करू लागला. १९३२ मध्ये कार्यक्रमाची जबाबदारी त्याने घेतली, तेव्हा आपले नाव जाहिरातीत येऊ दिले नाही. दिग्दर्शक म्हणून केवळ ‘होलबॉर्नचा एक रोव्हर’ असा उल्लेख झाला. व्यावसायिक रंगभूमीवर नाव असलेल्या माणसाने हौशी मुलांच्या कार्यक्रमात लुडबुड करावी, यात दोन्ही बाजूंनी संकोच होता, असा याचा अर्थ मी लावतो. कार्यक्रमाच्या नावाबद्दल सांगितली जाणारी हकिकत अशी, की तालमीच्या वेळी सगळे जमले का, असे रीडरने विचारल्यावर एका मुलाने ‘हो, सगळी गँग हजर आहे’ असे उत्तर दिले आणि तेच शीर्षक ठरले.

कार्यक्रम उभा कसा राहतो

गँग शोची रचना पहिल्या काही वर्षांतच ठरून गेली आणि आजही ती फारशी बदललेली नाही. तिच्यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या अडचणीवरचा तोडगा आहे, असे पाहिले म्हणजे ती चटकन उलगडते.

पहिली अडचण संख्येची. आलेल्या कोणाही मुलाला ‘तू नको’ म्हणायचे नाही, ही स्काउट पथकाची रीत, त्यामुळे रंगमंचावर गर्दी अटळ असते. रीडरने ही गर्दीच कार्यक्रमाच्या मध्यभागी आणून ठेवली. पडदा उघडतो तेव्हा पायऱ्या-पायऱ्यांच्या उंचवट्यावर सगळा संच रांगांमध्ये उभा असतो आणि पूर्ण आवाजात गात असतो. एकट्यादुकट्याचा सूर चुकला तरी शंभर आवाजांत तो विरून जातो, आणि शंभर चेहरे एकदम प्रेक्षकांकडे वळले की त्या दृश्याला आपोआप वजन येते.

दुसरी अडचण कौशल्याची. मुलांची पावले शिकवायला महिने लागतात, पण हात मात्र आठवड्याभरात शिकतात. म्हणून गँग शोच्या समूहगीतांत पाय बऱ्याचदा जागेवरच राहतात आणि काम करतात ते हात, मान व खांदे. एखाद्या ओळीवर उजवा हात तिरका वर, पुढच्या ठोक्याला दोन्ही हात खाली, मग मान डावीकडे, मग मागच्या रांगेने एक पायरी वर आणि पुढच्या रांगेने गुडघ्यावर, असा सगळा हिशेब असतो. जवळून एकच मुलगा पाहिला तर त्याची हालचाल अगदी साधी, काहीशी ताठरही वाटेल, पण प्रेक्षागृहातून ती ऐंशी जणांची एकच हालचाल दिसते. तालमीत सगळा वेळ जातो तो याच नेमकेपणावर, कारण एकाचा हात अर्धा ठोका उशिरा आला तरी तो तिसऱ्या रांगेतूनही उठून दिसतो. तालमी बहुधा चर्चच्या सभागृहात किंवा स्काउटांच्या खोलीत होतात, जेथे जमिनीवर चिकटपट्ट्या लावून नाट्यगृहाच्या रंगमंचाची लांबी-रुंदी आखलेली असते. प्रत्यक्ष नाट्यगृह परवडते ते जेमतेम खेळांच्या आठवड्यापुरते, त्यामुळे रंगीत तालीम हीच खऱ्या रंगमंचावरची पहिली तालीम ठरते.

तिसरी अडचण वेळेची आणि लक्षाची. नवख्या मुलांचे एक गाणे पाच मिनिटे चालले की प्रेक्षक घड्याळाकडे पाहू लागतात. यावर उपाय म्हणून एकाच विषयाभोवतीच्या सात-आठ गाण्यांचे तुकडे एकापाठोपाठ एक गुंफले जातात. समुद्र, रेल्वे, बाजारपेठ, जुन्या काळचे लंडन असा एखादा विषय घ्यायचा, प्रत्येक तुकडा मिनिटभर ठेवायचा, आणि तुकडा बदलला की दिवे, टोप्या आणि हातातल्या वस्तूही बदलायच्या. संपूर्ण पोशाख बदलण्याऐवजी एकाच साध्या मूळ वेशावर टोपी, पट्टा, रुमाल चढवणे हे खर्चाच्या दृष्टीनेही परवडते आणि विंगेतली धांदलही आटोक्यात राहते.

चौथी अडचण नेपथ्य बदलण्याची, आणि तिच्यावरचा तोडगा मराठी नाटकवाल्यांना नवा वाटणार नाही. आपल्याकडे मोठा प्रवेश लावून होईपर्यंत पुढच्या पडद्यावर एखादी पडदी खेळवत, तसेच येथेही मागे ठोकाठोक चालू असताना पडद्यापुढे दोघे-तिघे येऊन विनोदी प्रवेश करतात. हे प्रवेश कमालीचे आखूड असतात. काही तर वीस-तीस सेकंदांचे असतात: एक प्रश्न, एक उत्तर, शेवटच्या शब्दाला दिवे बंद. विनोद पडला तरी हरकत नसते, कारण तो पडला हे प्रेक्षकांच्या ध्यानात येईपर्यंत पुढचा सुरू झालेला असतो. धड बोलता येणाऱ्या मुलांची निवड या प्रवेशांसाठी होते आणि संचातले सात-आठ चलाख चेहरे प्रेक्षकांच्या ओळखीचे होतात. त्यांना तारे मात्र होऊ दिले जात नाही. पडदीत हशा मिळवणारा मुलगा पुढच्या समूहगीतात चौथ्या रांगेत उभा दिसतो, आणि हे मुद्दाम केलेले असते.

शेवटचा भाग ठरलेला असतो. सगळे सोंग-पोशाख उतरवून संच स्काउट गणवेशात येतो आणि रीडरने १९३० च्या दशकात लिहिलेले ‘ऑन द क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’ हे गाणे गातो. लाटेच्या माथ्यावर स्वार होऊन निघाल्याचा उत्साह सांगणारे हे गाणे म्हणजे गँग शोची खूणच होऊन बसले आहे. जुने प्रेक्षक त्याच्या पहिल्या सुरांनाच टाळ्या वाजवू लागतात. कठोरपणे पाहिले तर त्याचे शब्द भाबडे आहेत, चालही सरळ रेषेतली आहे, पण ती कोणालाही पहिल्या फटक्यात गाता येते आणि शेवटच्या गाण्याकडून एवढीच अपेक्षा असते.

राजाश्रयापासून युद्धभूमीपर्यंत

१९३३ मध्ये ‘द गँग कम्स बॅक’ या नावाने दुसरा कार्यक्रम झाला आणि तो आठवडाभर चालला. त्यानंतर दरवर्षी लंडनचा गँग शो होऊ लागला. १९३६ मध्ये रीडरने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे पंधराशे स्काउटांचा ‘बॉय स्काउट’ नावाचा भव्य देखावा बसवला. १९३७ हे वर्ष तर कळसाचे ठरले. गँग शोवर आधारलेला चित्रपट त्याच वर्षी आला, त्यात रीडरने स्वतःचीच भूमिका केली, आणि नोव्हेंबरमध्ये लंडन पॅलेडियममध्ये राजा-राणीसमोर होणाऱ्या वार्षिक व्हरायटी कार्यक्रमात गँग शोला निमंत्रण मिळाले. एरवी धंदेवाईक कलाकारांसाठी राखीव असलेल्या त्या मंचावर हौशी संच येण्याची ती पहिलीच वेळ होती.

याच दशकात इतर गावांच्या पथकांनीही स्वतःचे गँग शो सुरू केले होते. प्रवेश आणि गाणी रीडरचीच असत, सादर करणारे मात्र गावातले. पसारा वाढला तसा दर्जाचा प्रश्न आला, कारण गँग शो म्हणून कोणीही काहीही सादर करू लागले तर त्या नावाची पत राहणार नाही. त्यातून ब्रिटनमध्ये मान्यतेची पद्धत रुजली. तिच्यानुसार ठरावीक दर्जा गाठणाऱ्या कार्यक्रमालाच गँग शो म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळते आणि त्याच्या कलाकारांना गणवेशावर लाल स्कार्फ घालता येतो. स्काउटांच्या जगात स्कार्फचा रंग पथकाची ओळख सांगतो, त्यामुळे हा लाल स्कार्फ मुलांना पदकाइतका मोलाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाने या गोष्टीला अनपेक्षित वळण दिले. युद्ध सुरू होताच रॉयल एअर फोर्सच्या गुप्तवार्ता विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रीडरला अधिकारपद देऊन फ्रान्सला धाडले. उघड काम सैनिकांची करमणूक, आणि तिच्या आडून माहिती गोळा करणे. गाणारा-नाचणारा माणूस छावणीत कुठेही शिरला तरी संशय येत नाही, एवढा साधा त्यामागचा विचार. पुढे करमणुकीचे कामच इतके वाढले की १९४४ पर्यंत हवाई दलाची चोवीस आणि महिला हवाई दलाची दोन अशी गँग शो पथके आइसलँडपासून ब्रह्मदेशापर्यंत फिरत होती. सुमारे पस्तीस लाख सैनिकांनी त्यांचे खेळ पाहिले, असा अंदाज दिला जातो. या पथकांतले लोक स्काउट असतच असे नाही, पण रचना तीच होती: छोटा संच, एका ट्रकमध्ये मावेल एवढे सामान, झटपट प्रवेश आणि सर्वांनी मिळून गायची गाणी.

या पथकांतून पुढचे कितीतरी नामांकित विनोदी नट तयार झाले. टोनी हॅनकॉक, डिक एमरी आणि पीटर सेलर्स ही त्यांतली ठळक नावे. सेलर्सचे पथक तर भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशात फिरले. एका खेळात पाच-सहा वेगवेगळ्या माणसांची सोंगे वठवायची, क्षणात आवाज बदलायचा आणि दिवे जाण्याआधी हशा मिळवायचा, ही तालीम त्या दौऱ्यांत रोजच होत असणार. अनेक रूपे एकाच चित्रपटात वठवण्याची जी ख्याती त्याला पुढे मिळाली, तिचा पाया मला तेथे दिसतो.

जुने हिशेब

युद्धानंतर, १९५० मध्ये, लंडनचा गँग शो पुन्हा सुरू झाला आणि १९७४ पर्यंत रीडरच्या हाताखाली चालला. त्या दीर्घ काळाबद्दल बोलताना केवळ कौतुक करून भागणार नाही. मूळचा लंडनचा संच मुलगे आणि पुरुष यांचाच होता आणि स्त्रियांची कामेही तेच करत. स्त्रीपार्टाची मराठी परंपरा आपल्याला ठाऊक आहे, पण संगीत नाटकात नायिकेचे सौंदर्य आणि दुःख प्रेक्षकांना खरे वाटावे म्हणून नट झटत असे. येथे लुगड्याच्या जागी झगा आला तो बहुतेक हसवण्यासाठीच. मुली रंगमंचावर आल्या त्या गावोगावच्या कार्यक्रमांत गाईड पथके सामील होऊ लागल्यावर, आणि पुढे ब्रिटनच्या स्काउट संघटनेनेच टप्प्याटप्प्याने मुलींना प्रवेश दिल्यावर. आज बहुतेक संच मिश्र असतात आणि बऱ्याच ठिकाणी मुलींची संख्या जास्त भरते.

त्याहून बोचरी बाब वंशाची आहे. गोऱ्या कलाकारांनी चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याचा प्रकार त्या काळच्या व्हरायटीत सर्रास चाले. खुद्द जोल्सनची कीर्ती त्यावरच उभी होती. ब्रिटनमधले हौशी कार्यक्रमही या प्रकारापासून दूर नव्हते. परदेशी माणसांच्या बोलण्याची टिंगल करणारे विनोद तर आणखी कितीतरी वर्षे टिकले. गँग शोची रचना टिकली, पण तिच्यात भरलेला जुना मजकूर मोठ्या प्रमाणावर टाकून द्यावा लागला, आणि ते योग्यच झाले.

१९७४ मध्ये लंडनचा मूळ कार्यक्रम थांबला आणि १९८२ मध्ये रीडर वारला. तोपर्यंत गावोगावचे कार्यक्रम आपापले प्रवेश लिहू लागले होते. मध्यवर्ती कार्यक्रम बंद पडल्यावर परंपरा ओसरेल ही भीती खरी ठरली नाही. उलट रीडरच्या शब्दांचे ओझे उतरल्यामुळे स्थानिक विनोदाला जागा मिळाली असे मला वाटते, कारण आपल्याच नगरपालिकेच्या खड्ड्यांवरचा विनोद लंडनहून आलेल्या विनोदापेक्षा केव्हाही जास्त हशा मिळवतो.

आपल्याकडे काय झाले

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये आले, पण सुरुवातीला ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांसाठी ते खुले व्हावे म्हणून अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांच्याबरोबर नागपूरचे विवियन बोस यांनीही परिश्रम घेतले. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पहिली अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काउटांचा मोठा मेळावा, १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला झाली आणि तिला बेडन-पॉवेल हजर होते. लंडनचा गँग शो कळसाला पोहोचला तो याच वर्षी. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात शिबिराला गेलेल्या कोणालाही शेकोटीचा कार्यक्रम आठवत असेल: पथकवार प्रवेश, समूहगीते, आणि प्रत्येक सादरीकरणानंतर साधी टाळी न वाजवता एका बोटापासून सुरू होऊन पाच बोटांपर्यंत वाढत जाणारी आणि तशीच ओसरणारी पावसाची टाळी.

असे असूनही शेकोटीपासून नाट्यगृहापर्यंतचा प्रवास आपल्याकडे रुजला नाही. याचे कारण मला चळवळीच्या जागेत दिसते. ब्रिटनमध्ये स्काउट पथक हे वस्तीचे किंवा चर्चचे असते, त्याची स्वतःची खोली असते, तिचे छप्पर गळते, आणि ते दुरुस्त करायला पैसे पथकालाच उभे करावे लागतात. त्यामुळे तिकिटाचा कार्यक्रम ही तेथली गरज होती. आपल्याकडे पथक बहुतांशी शाळेचे असते, खोली शाळेची, शिक्षक शाळेचे, आणि मुलांच्या नाच-गाण्यासाठी शाळेचे स्नेहसंमेलन दरवर्षी ठरलेले असते. निधीसाठी मुलांनी घरोघरी छोटी कामे करून पैसे मिळवण्याचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम आपल्या पथकांनी चालवला, पण तिकीट विकून केलेला कार्यक्रम हे स्काउटांचे वार्षिक काम झाले नाही. स्नेहसंमेलनाने ती जागा आधीच भरून टाकली होती.

आजचा कार्यक्रम, पडद्यामागून

आज ब्रिटनमध्ये गँग शो करायचा म्हणजे कागदपत्रांचे कामही बरेच असते. मुलांच्या सार्वजनिक सादरीकरणावर १९६३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. स्थानिक प्रशासनाकडून प्रत्येक मुलासाठी परवाना घ्यावा लागतो, किंवा मुलांना मोबदला मिळत नसल्यास संपूर्ण संस्थेसाठी एकत्रित मंजुरी मिळवता येते. विंगेत मुलांवर लक्ष ठेवायला मान्यताप्राप्त प्रौढ लागतात आणि अशा एका माणसाकडे जास्तीत जास्त बारा मुले सोपवता येतात. साठ मुलांचा संच म्हणजे किमान पाच माणसे केवळ याच कामाला, शिवाय मुले किती वाजता आली, कधी घरी गेली याच्या नोंदी वेगळ्या. गाण्यांच्या हक्कांसाठीही पैसे मोजावे लागतात, आणि आता संच लोकप्रिय गाणी घेऊन आपल्या परीने बसवत असल्याने हा खर्च वाढलेला आहे. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा आणि वेशभूषा यांचा हिशेब जमेस धरला, की कित्येकदा तिकिटांचे पैसे खर्च भागवण्यापुरतेच पुरतात. ज्या पैशांसाठी हा प्रकार सुरू झाला, ते हाती लागण्याची खात्री आता उरलेली नाही, तरीही संच दरवर्षी नव्याने जमतात.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले तेथील कब (लहान वयाच्या मुलांच्या) आणि स्काउट पथकांत जातात आणि एखाद्या दिवशी गँग शोच्या निवडीची चिठ्ठी घरी घेऊन येतात. अशा पालकांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. निवड बहुधा आवाजाच्या गोडव्यापेक्षा नियमित येण्याच्या तयारीवर होते. तालीम आठवड्यातून एकदा असते, पण कित्येक महिने चालते आणि एखादी चुकली तरी रांगेतली जागा विस्कटते. खेळांच्या आठवड्यात रोज संध्याकाळी नाट्यगृहात हजर राहावे लागते आणि मूल रात्री उशिरा घरी येते. पालकांना विंगेत सोडत नाहीत. मदत करायची इच्छा असेल तर शिवणकाम, रंगकाम, सामान हलवणे किंवा मध्यंतरात चहा देणे यांपैकी काम सांगितले जाते, आणि त्या कामांसाठी माणसे नेहमीच कमी पडतात.